न विचारता काढलेलं कार्ड

युसूफ वडगाव या गावात शिवकांताबाईंचा संगणकवर्ग भंगारातून जोडलेल्या यंत्रांवर चाले. ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट करताच यंत्रांची आपसातली जोडणी तुटली आणि वर्ग बंद पडला. भाचा राजेश्वर पुण्याहून फोनवर म्हणाला, "मावशी, नव्या कर्नेलमधून, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातून, तुझं जुनं नेटवर्क कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढलाय. कुणीच वापरत नाही म्हणे."

"मग मी कोन हाय?"

"सिस्टीम बनवणाऱ्यांनी काढण्याआधी इंटरनेटवर विचारलं होतं. कुणी बोललंच नाही."

"आमच्या गावात दवंडी दिलती का?"

राजेश्वर हसला. बाईंचा संताप अनावर झाला.

"हसतोस कावून? आत्ताच लिही त्यांना. वापरनारी बाई हाय, लई चिडलेली हाय, म्हनावं."

त्याने लिहिलेले वाचून दाखवेपर्यंत बाईंनी फोन सोडला नाही. मग त्या यंत्रांवर सिस्टीमची जुनी आवृत्ती परत चढवायला बसल्या.