समासातला न

माझी मावशी छापखान्यात प्रुफं वाचायची. तिथले लोक तिला पाठीमागे ‘अनुस्वारबाई’ म्हणत. पुढे तोंडावरही म्हणायला लागले, आणि तिने हरकत घेतली नाही. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे लागली ती बांधणी खात्यात, छापील कागदांना घड्या घालायला. घड्या घालता घालता तिने एका पाठ्यपुस्तकातल्या अकरा चुका काढल्या, तेव्हा मालकांनी तिला वरच्या मजल्यावर प्रुफांच्या टेबलाशी नेऊन बसवलं.

छापखान्याकडे संस्कृत ग्रंथांचं काम बरंच असे. पानाच्या माथ्यावर जाड टाइपात मूळ सूत्र, एखादीच ओळ. त्याखाली मध्यम टाइपात भाष्य, आणि त्याखाली पान संपेपर्यंत बारीक टाइपात त्या भाष्यावरची टीका. मावशीला संस्कृत येत नव्हतं. “सूत्र म्हणजे सासूबाई,” ती म्हणायची, “कमी बोलतात. मग त्यांना काय म्हणायचं होतं, ते बाकीचं घर दिवसभर सांगत बसतं.”

अर्थ कळत नसला तरी बोलण्याची धाटणी तिच्या कानात बसली होती. टीकाकार आधी विरोधकाचं म्हणणं मांडतो. ते ‘ननु’ या शब्दाने सुरू होतं. ते संपलं की ‘इति चेत्, न’ येतं, म्हणजे ‘असं म्हणाल, तर नाही’. मग तो स्वतःचं उत्तर देतो. ननु आला की मावशी पेन्सिलीने बारीक टिंब करायची आणि न आला की ते खोडायची.

एका वर्षी एक शास्त्रीबुवा अनुमानावरची टीका छापायला घेऊन आले. ती तोवर छापलीच गेली नव्हती. हस्तलिखिताच्या फोटोंवरून त्यांनी सात वर्षं खपून प्रत तयार केली होती. तिसऱ्या प्रकरणात मावशीचं एक टिंब खोडायचं राहिलं. ती दोनदा मागे गेली. विरोधक तावातावाने विचारत होता, की धूर आहे तिथे आग असते हे कशावरून, जगातल्या सगळ्या चुली तुम्ही पाहिल्यात का? ‘इति चेत्’ होतं, पण ‘न’ नव्हता. तिने कडेला प्रश्नचिन्ह काढलं.

शास्त्रीबुवांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “बाई, ती चूक नाही. तोच माझा शोध आहे. इथे टीकाकार विरोधकाचं म्हणणं मान्य करतो. चाळीस पानांची प्रस्तावना लिहिलीय मी त्यावर.”

“असेल,” मावशी म्हणाली. “पण या माणसाने दोनशे बारा वेळा न म्हटलंय. एकदाच कसा विसरला?”

“तुम्हाला संस्कृत येतं?”

“नाही.”

“मग छापा.”

मालकांनीही तेच सांगितलं. पण ते पान तिने बाजूला काढून ठेवलं, आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या आईला बरोबर घेऊन, ते हस्तलिखित जिथे होतं त्या ग्रंथालयात गेली. ग्रंथपाल बाईंनी आधी आढेवेढे घेतले. मग हात धुवायला लावले आणि पोथी स्वतःच्या हातांनी उघडून दाखवली. त्या ओळीत ‘चेत्’च्या पुढे कावळ्याच्या पावलासारखी बारीक खूण होती. राहिलेलं अक्षर दाखवायला लेखनिक अशीच खूण करत. फोटोत ती डागासारखी दिसली असणार. त्याच ओळीच्या टोकाला, समासात अगदी कडेला, बारीक न होता. फोटो काढणाऱ्याने कड कापली होती.

“आता काय करणार?” आईने विचारलं.

“मी काय करणार? लिहून देणार.”

तिने प्रुफावर पोथीचं पान, ओळ आणि ‘समासात न आहे’ एवढंच लिहिलं.

शास्त्रीबुवा चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते थेट मावशीच्या टेबलाशी. खुर्ची ओढून बसले. ते ग्रंथालयातूनच आले होते.

“तुमचं अनुमान खरं ठरलं,” ते म्हणाले.

“अनुमान कसलं? जाऊन पाहून आले.”

ते हसले नाहीत. पिशवीतून प्रस्तावना काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवली. चाळीसपैकी एकतीस पानांवर एकेक तिरकी रेघ मारलेली होती. सात वर्षांच्या कामाचं सार त्या रेघांखाली गेलं होतं, आणि रेघ कुठेही हललेली नव्हती. मावशीला वाईट वाटलं, असं तिने मला पुढे सांगितलं. पण दाखवल्याचा पश्चात्ताप झाला नाही.

ग्रंथ वर्षभर उशिरा निघाला. ऋणनिर्देशात मालकांचं नाव होतं, ग्रंथालयाचं होतं, फोटो काढणाऱ्याचंही होतं. मावशीचं नव्हतं. आई चिडली. मावशी म्हणाली, “फोटोवाल्याचं नाव तरी शुद्ध छापलंय ना? मीच तपासलंय.”

त्यानंतर शास्त्रीबुवांनी आणखी तीन ग्रंथ केले. दर वेळी प्रुफं काढायच्या आधीच ते हाताने लिहिलेली प्रत मावशीकडे आणून देत. एकदा त्यांनी तिला संस्कृत शिकवायची तयारी दाखवली. तिने दोन दिवस विचार करून नको म्हटलं.

“अर्थ कळायला लागला,” ती म्हणाली, “की मग जे हवं तेच दिसायला लागतं.”

शास्त्रीबुवांनी नव्या ग्रंथाची पहिली पन्नास पानं टेबलावर ठेवली आणि कधीपर्यंत होतील ते विचारलं.