बंद घरांचा सर्व्हे

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आरोग्याच्या एका अभ्यासात मी मदतनीस होते. आमचे सर मुंबईचे. त्यांना मी आधीच बजावलं होतं, या आठवड्यात आचऱ्याला जाऊ नका, गावपळण आहे. देवाचा कौल झाला की अख्खा गाव गुराकोंबड्यांसकट वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो. सरांनी ऐकलं नाही. दारोदार फिरले आणि प्रत्येक कुलपापुढे लिहून घेतलं, 'प्रतिसाद नाही'. अशा माणसापुढे डोकं फोडायचं तरी किती?

प्रश्न होता, बायका बाळंतपणाला उपकेंद्रात का येत नाहीत. सरांचं उत्तर तयार होतं, अंधश्रद्धा. तेच अहवालात गेलं तर 'बायका येतच नाहीत' म्हणून तिथली नर्स दुसरीकडे हलवणार होते. मग अडलेल्या बाईने जायचं कुठे? माझं डोकंच फिरलं.

मी एकटीच झोपड्यांकडे गेले. एरवी घरी गेलं की सासू उंबऱ्यात बसायची आणि सुनेला विचारलेल्याचं उत्तर आपणच द्यायची. इथे उंबराच नव्हता, आणि सासवा पलीकडे फुगड्या घालत होत्या. मी प्रश्नावली बाहेर काढलीच नाही. सुनांबरोबर बांगडे साफ केले, भाकऱ्या थापल्या. हळूहळू त्या आपणहून बोलायला लागल्या. आठवा महिना लागलेली एक जण म्हणाली, "पयला पोर घरातच गेला गो. ह्या खेपेक माका थंय उपकेंद्रात जावचा आसा. पण तपासूच्या खोलयेक पडदो नाय. खिडकेत बापये उभे रवतत. पोट दाखवचा कसा?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. प्रत्येकीला ती खिडकी आणि तिथून डोकावणारे पुरुष माहीत होते.

सरांना सांगितलं, तर म्हणाले, "चार बायकांच्या गप्पा म्हणजे पुरावा नव्हे. शितावरून भाताची परीक्षा संशोधनात चालत नाही."

"भात करपलाय हे वासावरून कळतं, सर. त्याला आकडे लागत नाहीत."

त्यांना ते झोंबलं. झोंबू दे.

उपकेंद्र वेशीबाहेरच होतं, म्हणून गावपळणीतही उघडं होतं. तपासणीच्या दिवशी मी माझं एक जुनं पातळ आणि खिळे घेऊन गेले आणि खिडकीला आडवं ठोकलं. सर धावत आले. अभ्यासकाने मध्ये पडायचं नसतं, तुम्ही अभ्यास नासवलात, असं सगळ्यांसमोर बोलले.

"नासू दे," मी म्हटलं. "आणि त्यात माझं नाव घालू नका." मग त्या आठव्या महिन्यातल्या सुनेचा हात धरून तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

नाव त्यांनी खरोखरच घातलं नाही, 'अंधश्रद्धा' मात्र घातली. अहवाल छापून येईपर्यंत ती तिथेच सुखरूप बाळंत झाली होती आणि तिच्या पाठोपाठ बाकीच्याही येऊ लागल्या होत्या. नर्सच्या बदलीचा कागद घेऊन आरोग्य खात्याचे साहेब आले, तेव्हा त्यांना बाहेर उन्हात थांबावं लागलं. आत तपासणी चालू होती.