दुसरी हार्ड डिस्क

परवा ऑफिसातला जुना कॉम्प्युटर साफ करायला उघडला. आतल्या तापलेल्या धुळीचा वास आला आणि मला गढा वस्तीतलं आमचं घर आठवलं.

त्या वर्षी आम्हा दोघा भावंडांपैकी एकालाच नागपूरला कॉम्प्युटर शिकायला पाठवायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. दादाने घरच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवली, पण ती पडद्यावर दिसतच नव्हती.

"काहून नाही दिसून राहिली रे?" फॅक्टरीतून आलेल्या बाबांनी विचारलं. मी जवळ गेले तर म्हणाले, "तू दूर हो, करंट लागेल."

मग ते जेवायला बसले आणि दादा मित्राला फोन करायला बाहेर गेला. मी डिस्कवर छापलेला तक्ता वाचला. मागच्या पिनांवरची इवलीशी प्लास्टिकची टोपी, म्हणजे जम्पर, चुकीच्या जागी होती. कॉम्प्युटर बंद करून मी ती भुवयांच्या चिमट्याने हलवली. पुन्हा सुरू केला, तर पडद्यावर दोन्ही डिस्कची नावं आली.

बाबा हात पुसत आले, मागोमाग दादा.

"अच्छा, आली? कोणी केलं? सुमे, तू हात लावला का?"

मला बोलणी खायची भीती वाटली. "नाही," मी म्हणाले.

दादा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "मीच केलं, बाबा," तो म्हणाला.

जूनमध्ये नागपूरला तो गेला.

मुलगा म्हणून बाबांनी त्याला निवडलं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. लोकांना ते लगेच पटतं. पण त्या दिवशी 'तू हात लावला का?' असं बाबांनी मलाच विचारलं होतं.