पगार बंद होईल म्हणून

ती बाई ठाण्याच्या पायरीवर चपला काढून आत आली, ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. मी तेव्हा माजलगावकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कालव्याकाठच्या विहिरींवरून पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. ऊस वाळायला लागला की शेतकरी आधी ठाण्यात येतो आणि मग पुढाऱ्याकडे जातो. त्यामुळे खालून ओरड आणि वरून विचारणा, दोन्ही माझ्याच टेबलावर. मी मुळात तापट, त्यात हे. बुद्धी जागेवर नव्हती हे आधीच कबूल करतो.

अशात आमच्या एका खबऱ्यानं बातमी आणली. अमक्या गावात एक विधवा बाई आहे, तिच्या घरात तांब्याच्या तारेचं पोतं आहे. चोर मोटार फोडून तांबंच विकतात, म्हणजे बातमी वजनाची होती. दोन पंच आणि महिला हवालदार घेऊन झडती घेतली. पोतं निघालं. पंचनामा झाला. तार चोरीची नाही, एवढंच बाई म्हणाली. मग कुठली, यावर तोंडाला कुलूप. खरं तर बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच करायची असते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ठाण्यात बोलावलं. ही चूक माझी.

दोन तास विचारलं. समजावून झालं, दरडावून झालं. खरं सांगितलं नाहीस तर गुन्हा दाखल होईल, अटक होईल, हेही सांगितलं. बाई पदर आवळून जमिनीकडे बघत बसलेली. माझा अनुभव असा, की सराईत माणूस खूप बोलतो आणि घाबरलेला माणूस रडतो. ही दोन्ही करीना. मी कंटाळून तिला बाहेर बाकावर बसवलं आणि अटकेच्या कागदांची तयारी करायला सांगितलं.

बाकाशेजारी आमच्या ठाण्याच्या बोअरची जळालेली मोटार पडली होती. हवालदार बाईंनी तिला पाणी दिलं आणि सहज म्हणाल्या, जपून प्या, मोटार जळाल्यापासून टँकरचंच पाणी आहे. मी दारात उभा होतो. या बाईनं वाकून मोटारीचा दांडा बोटांनी फिरवून पाहिला. पुन्हा फिरवला.

"बेअरिंग धरलंय," ती म्हणाली. "नुसती कॉइल नवी भरून भागायचं न्हाई. परत जळंल."

मी तिथंच खाली बसलो. म्हटलं, ताई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

तेव्हा ती रडली. माजलगावात जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारं एक दुकान होतं. ही तिथं मागच्या खोलीत बसून चार महिन्यांपासून थोड्या मजुरीवर काम शिकत होती. पोत्यातली तार जळक्या मोटारींतून काढलेली, घरी लाकडी साच्यावर गुंडाळून हात बसवायला मालकानंच दिलेली. मी माणूस पाठवून खात्री केली. मालक म्हणाला, माझ्या दोन्ही कारागिरांपेक्षा तिचा हात साफ आहे.

"मग हे कालच का न्हाई सांगितलं?" हवालदार बाईंनी विचारलं.

"कामाला जाते म्हनून कळलं तर पगार बंद हुईल न्हाई का?"

आमच्याकडे निराधार योजनेच्या अनुदानाला पगारच म्हणतात. नवरा गेल्यावर तिचं घर त्यावरच तगलं होतं. काम अजून कच्चं, ते टिकेल की नाही कोण जाणे. पगार एकदा बंद पडला तर पुन्हा सुरू व्हायला किती खेटे घालावे लागतात, हे तिनं शेजारणीचं पाहिलं होतं. चोर म्हणवून घ्यायला ती तयार होती, पण मी कमावते हे म्हणायची तिची हिंमत होत नव्हती. ऐकून मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी हवालदार बाई तिला तहसीलमध्ये घेऊन गेल्या. मी साध्या कपड्यांत मागून गेलो. तिथल्या नायब तहसीलदार बाईंनी तिला खुर्ची दिली, नियम उघडून वाचून दाखवला. उत्पन्न मर्यादेच्या आत आहे तोवर शिकायला, कामाला जायला कसलीच आडकाठी नाही. वर गेलं की आपण होऊन कळवा. पुन्हा वाईट दिवस आले तर सरळ माझ्याकडे या, अर्ज मी घेते. आधीच का विचारलं नाही, असं त्यांनी विचारल्यावर ही म्हणाली, विचारायला गेलं की हापिसात आपलं नाव ध्यानात ऱ्हातं. त्या बाई हसल्या नाहीत. या दोघी सरकारी बायांचे उपकार मी आजही मानतो. माझ्या हातून एका कष्टाळू बाईचं वाटोळं व्हायचं राहिलं ते त्यांच्यामुळे.

खरे चोर पुढे महिन्याभरात दुसऱ्याच तालुक्यात सापडले. त्या केसमुळे मला एक सवय लागली. समोरचा माणूस गप्प बसला की 'काय केलंस' हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, खरं सांगितल्यावर तुझं काय जाईल? या प्रश्नानं मला जेवढी माणसं कळली तेवढी दरडावून कधी कळली नाहीत.

दीड वर्षानं ती ठाण्यात आली. आता गावातच तिचं दुकान होतं. हातात अर्ज होता, माझा पगार बंद करावा असा. तहसीलला द्यायच्या आधी मी एकदा वाचावा म्हणून आली होती. कागद तिनं टेबलावर ठेवला आणि लगेच परत उचलून घेतला. मी म्हटलं, घाई नाही, भीती वाटत असेल तर चार दिवस थांबा.

"भ्याव तर लई वाटतंय, साहेब," ती म्हणाली. "पर परवा गावातली एक बाई आली. नवरा वारलाय तिचा. मला म्हनली, तुमच्या हाताखाली कामाला ठिवा. तिला व्हय म्हनून बसलेय मी. आता मी निराधार कशी ऱ्हाऊ?"