सर्वसाधारण मुलीचा अभ्यास

पस्तिसाव्या वर्षी कृष्णवेणी पुन्हा विद्यार्थिनी झाली, तेव्हा तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत पुष्कळांनी नाकं मुरडली. चौदा वर्षं तिनं प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग सांभाळला होता. लग्न राहून गेलं होतं, आईवडील दोघंही गेले होते. आता हिला कशाला हवं ते शैक्षणिक आणि विकासात्मक मानसशास्त्र? पण साल त्र्याण्णव होतं. गावात नव्या इंग्रजी शाळा निघत होत्या, त्यांना मुलं पारखणारी माणसं हवी होती, आणि एका कॉलेजात हा पदव्युत्तर अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. वर्ग शनिवारी-रविवारी. कृष्णवेणीला नव्या शाळांचं फारसं काही नव्हतं. एका बाकावरच्या दोन मुलांत एकाला अक्षर उमगतं आणि दुसऱ्याला का उमगत नाही, हे कोडं तिला चौदा वर्षं छळत होतं.

पहिल्या वर्षी एक काम सक्तीचं होतं. एक सर्वसाधारण मूल निवडायचं, दर तीन महिन्यांनी त्याची तीच चाचणी घ्यायची आणि वाढ नोंदवायची. "आजारी मूल घेऊ नका," मार्गदर्शक कृष्णस्वामी सर म्हणाले. "आधी निरोगी मूल कसं वाढतं ते डोळ्यांनी बघा."

तिनं समोरच्या घरातली जननी निवडली. सात वर्षांची, घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि शाळेत इंग्रजी बोलणारी बडबडी पोर. वडील वेंकटराव रोज बसनं ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत जात. आई धनलक्ष्मी घरीच असे. लेकीची परीक्षा होणार म्हटल्यावर तिनं जननीला रेशमी पावाडै, म्हणजे घोळदार परकर, नेसवून, केसांत मोगरा माळून पाठवलं.

ऑगस्टमध्ये जननीनं माणसाचं चित्र काढलं. दोन वेण्या, बांगड्या, हाताला मोजून पाच बोटं, पायात पैंजण. मग लाकडी तुकडे त्यांच्या त्यांच्या खाचांत बसवताना स्टॉपवॉचचा काटा अर्ध्यावरही गेला नाही. गुण आले सत्तावीस. वयाच्या मानानं दोन वर्षं पुढे.

नोव्हेंबरात चित्रातल्या बाईला बोटं नव्हती. हात नुसत्या काड्यांसारखे होते.

"बोटं कुठं गेली गं?" कृष्णवेणीनं विचारलं.

जननीनं कागदाकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. "माहीत नाही, टीचर मावशी," म्हणून ती हसली, आणि हसू थोडं जास्त वेळ तोंडावर राहिलं.

गुण आले एकोणीस. कृष्णवेणी वही पुढ्यात घेऊन बसून राहिली. सरांनी वर्गात बजावलेलं होतं: निरोगी मुलाचे आकडे असे कोसळत नाहीत. कोसळले तर चाचणी घेणाऱ्याचं चुकलं. मग मूल बदला, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे वर्ष फुकट. पोरीला सर्दी होती, बाहेर कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज होता, अशी कारणं तिनं स्वतःला सांगितली. मग एकोणीसच्या जागी सव्वीस लिहिलं.

त्यानंतर समोरच्या घरातून रडण्याचे आवाज येऊ लागले. जननीनं पाण्याचा लोटा पाडला. जननीनं वहीत रेघ सोडून लिहिलं. केबलची जोडणी घेतल्यापासून पोरीचं लक्ष उडालंय, असं वेंकटराव म्हणत. कृष्णवेणी ऐके आणि खिडकीपासून दूर जाई.

फेब्रुवारीत जननी आली, तेव्हा तिची एक चप्पल उंबऱ्याबाहेरच सुटली होती आणि तिला ते कळलं नव्हतं. लाकडी तुकडा हातात घेऊन ती गोल खाचेत चौकोन दाबत बसली. एकदम तिची मान पुढे झुकली, डुलकी लागल्यासारखी, आणि लगेच वर आली. पुन्हा झुकली. कृष्णवेणीच्या हातात स्टॉपवॉच चालू होतं. चौथ्या वेळी तिचं लक्ष काट्याकडे गेलं. दोन झटक्यांत नऊ सेकंद. मग दहा. मग पुन्हा नऊ.

ती मोजत राहिली. बाहेर भाजीवाली ओरडत होती, ऊन स्वच्छ पडलं होतं, आणि समोर ते लेकरू काट्याच्या तालावर मान टाकत होतं. प्रत्येक झटक्याला हातातला तुकडा पडे आणि ती निमूटपणे उचली.

चित्र काढायला सांगितलं, तर तिनं एक गोल काढला आणि पेन्सिल खाली ठेवली.

कृष्णवेणी तिला उचलून घेऊन रस्ता ओलांडून गेली. "धनम, हिला मद्रासला न्यायला हवं. आजच."

"अक्का, तुम्हीच म्हणाला होता, हुशार आहे म्हणून!"

"म्हणाले होते."

कृष्णवेणीही बरोबर गेली. मद्रासच्या डॉक्टरांनी पोरीच्या डोक्याला तारा लावून आलेख काढला आणि एकच प्रश्न विचारला: हिला गोवर कधी निघाला होता? दहाव्या महिन्यात, धनलक्ष्मी म्हणाली. लस टोचायच्या दिवशीच ताप होता, म्हणून परत पाठवलं, आणि आठवड्यात अंगभर पुरळ आलं. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला, थंडावा देणारं खायला दिलं, पोर बरी झाली. डॉक्टर म्हणाले, पुरळ उतरलं, पण गोवर मेंदूत शिरून बसला. सहा वर्षं गप्प होता. आता जागा झालाय. औषध नाही. वर्ष, फार तर दीड.

परत आल्यावर चार दिवसांनी कृष्णवेणी समोर गेली. धनलक्ष्मी मांडीवर जननीला घेऊन मऊ दहीभात भरवत होती. कृष्णवेणीनं नोव्हेंबरचं सगळं सांगितलं, आकड्यासकट.

धनलक्ष्मीनं घास कालवणं थांबवलं नाही. "तेव्हा कळलं असतं, तर वाचली असती?"

"नाही. मी डॉक्टरांना विचारलं. काही फरक पडला नसता."

"तीन महिने मी हिला मारलं, अक्का." तिचा आवाज अगदी साधा होता. "अक्षर घाण काढते म्हणून बोटांवर पट्टीनं मारलं. लोटा पाडला म्हणून मारलं. तुम्ही सांगितलं असतं, तर मारलं नसतं."

तिनं पुढचा घास भरवला. मग धनलक्ष्मी म्हणाली, "आता जा."

तिनं वहीत सव्वीसवर रेघ मारून एकोणीस लिहिलं, शेजारी सही केली. कृष्णस्वामी सर म्हणाले, ही केस सोडा, दुसरं मूल घ्या, मी मुदत वाढवून देतो. तिनं ऐकलं नाही. मे महिन्याची चौथी नोंदही तिनं लिहिली, दुरून, खिडकीतून पाहून: बोलत नाही, बसत नाही, आईचा आवाज ओळखत असावी. परीक्षकांनी कसंबसं पास केलं. पुढल्या वर्षी जुलैत जननी गेली.

एका नव्या शाळेनं दुप्पट पगारावर बोलावलं. प्रवेशाला येणारी पोरं तपासायची आणि मंद असतील ती गाळायची. ती गेली नाही. जुन्याच शाळेत राहिली आणि प्रत्येक नव्या मुलाच्या आईला गोवराचं विचारू लागली. मुलांच्या वह्या चाळताना एखाद्या पानावर ती थांबे, मागची पानं काढून ताडून बघे. हळूहळू बायकांना त्या थांबण्याचीच धास्ती वाटू लागली. गल्लीतून ती येताना दिसली की कुणी वही पदराखाली घेई, कुणी मुलाला आत हाक मारी. "तिची नजर पडू देऊ नका," असं कुणीतरी म्हटल्याचं तिच्या कानावर आलं. तिनं मनावर घेतलं नाही, असं म्हणता येणार नाही.

धनलक्ष्मीला शहाण्णवात दुसरी मुलगी झाली, लक्ष्मीप्रिया. ती शाळेत जाऊ लागली तशी एका संध्याकाळी धनलक्ष्मी सात वर्षांत पहिल्यांदा रस्ता ओलांडून आली. मुलीची वही ओट्यावर ठेवली आणि रस्त्यात जाऊन उभी राहिली. कृष्णवेणीनं पान न् पान वाचलं. "बेस आहे," ती म्हणाली. धनलक्ष्मी वही उचलून गेली. मग दर महिन्याला तेच.

मागच्या पावसाळ्यात एका पानावरच्या शेवटच्या चार ओळी खाली घसरल्या होत्या. कृष्णवेणीनं पान दोनदा वाचलं. मागचं पान काढलं. रस्त्यावरच्या बाईकडे न बघताही तिला कळत होतं, की ती श्वास धरून उभी आहे.

"या ओळी वाकड्या आहेत, धनम. हात दमला असेल. पण मला नक्की सांगता येत नाही. उद्या मुलीला घेऊन ये."

धनलक्ष्मी ओट्यापर्यंत आली आणि तिथंच बसली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीप्रियानं ओट्यावर बसून पान भरून लिहिलं, रेघ न सोडता, जीभ बाहेर काढून. कृष्णवेणी तिच्या मानेकडे बघत होती. मान हलली नाही.

"बेस आहे," ती म्हणाली.

धनलक्ष्मीनं मुलीचा हात धरला. "परवा पुन्हा आणते, अक्का," ती म्हणाली.