सतरा नंबर मधल्या रस्त्याने

ब्रेकमामांना ब्रेकमामा का म्हणायचे? कुणी हात केला की बस थांबलीच! थांबा असो वा नसो. बावीस वर्षं मामांनी सतरा नंबरची बस बाजारापासून टेकडीवरच्या नव्या वस्तीपर्यंत अशीच चालवली. दवाखान्याच्या फाटकाशी नर्सबाई चढायच्या, वळणावर गवंडी, आणि लाल दारासमोर मामांची थोरली बहीण आक्का. आक्काचे गुडघे कामातून गेलेले, पण बाजारातलं शिलाईचं दुकान ती या बसच्या जिवावर चालवत होती.

आणि एके दिवशी डेपोत सूचना लागली: पुढच्या महिन्यापासून सतरा नंबर नव्या उड्डाणपुलावरून थेट जाईल. मधला जुना रस्ता वगळला. तिथे प्रवासीच नाहीत म्हणे!

"प्रवासी नाहीत? अहो, बसमध्ये मुंगीला शिरायला जागा नसते!" मामा मॅनेजरसाहेबांवर तडकले.

साहेबांनी मोजणीचा कागद पुढे सरकवला. मधल्या अकरा थांब्यांवर प्रवासी मोजायला माणसं बसवली होती. दिवसभरात चढले किती, तर नऊ.

मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थांब्यावर चढणार कोण? सगळ्यांना दारात बस मिळायची सवय त्यांनीच तर लावली होती!

"साहेब, एकदा पुन्हा मोजा. माझ्यासाठी!"

"उद्या दुपारपर्यंत. शेवटची संधी."

मग काय विचारता! प्रत्येक फेरीत मामा घसा फोडून सांगत होते, "उद्या थांब्यावरच उभे राहा! हात केलात तरी थांबणार नाही!" लोक खो खो हसले. म्हणे ब्रेकमामा थांबणार नाहीत! घरी आक्काही हसली, "बघू की."

सकाळी पहिल्याच थांब्यावर ही रांग! दुसऱ्यावर त्याहून मोठी! गवंडी, नर्सबाई, सगळे! मामांना तर स्टिअरिंगवर ताल धरावासा वाटला. आणि लाल दार आलं. आक्का हात वर करून उभी. मामांचा पाय ब्रेकवर गेला आणि परत आला. आरशात आक्काचा हात तसाच वर दिसत राहिला.

पुढच्या फेरीला लाल दारापुढच्या थांब्यावर मोजणीवाला उभा, आणि त्याच्या खुर्चीत आक्का! धापा टाकत, घामाघूम.

"मला मोजलंस ना रे?" त्याला दोनदा विचारून मगच ती चढली. मामांच्या पाठीत पिशवी घातली. "मेल्या, सख्ख्या बहिणीला सोडून गेलास!" आणि हसतच सुटली.

दुपारी आकडा आला. तीनशे बारा! सतरा नंबर मधल्या रस्त्यानेच जाणार! मामांनी मॅनेजरसाहेबांना मिठीच मारली.

संध्याकाळी आक्का घरी निघाली. लाल दार दिसताच मामांचा पाय आपसूक ब्रेककडे वळला.

"खबरदार!" मागून आक्का कडाडली. "थांब्यावर घे!"