न पुसलेला बैल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी अमरावतीत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. चांगली शिकवते, असं लोक म्हणतात. ही नोकरी मला लागली कशी, ते कुणी विचारत नाही — आणि मी तरी कशाला सांगू?

मी स्वतः कॉम्प्युटर शिकत होते तेव्हा प्रज्ञा माझ्याच क्लासला होती. मोर्शीकडची. त्या वर्षांत तिकडच्या संत्र्याच्या बागा वाळत चालल्या होत्या. तिच्या बाबांनी झाडं तोडली, बैलजोडी विकली. क्लासच्या सरांना नवशिक्यांना शिकवायला एक मुलगी ठेवायची होती. जी कॉम्प्युटरवर चांगला गेम बनवून दाखवेल, ती. मला नोकरी हवी होती ती हौस म्हणून. प्रज्ञाला नाही मिळाली तर गाव आणि लग्न — हे तिनंच मला सांगितलं होतं, माझ्या डब्यातली पोळी खाताना. म्हणजे मला माहीत होतं.

गेममध्ये जे छोटं चित्र हलतं, त्याला स्प्राइट म्हणतात. माझा स्प्राइट म्हणजे एक ठोकळ्यासारखी मोटार. तिचा — विकलेला तांबड्या बैल. आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढलेला. पोळ्याला रंगवतात तशी शिंगं, पाठीवर झूल. चालताना मान हलायची त्याची. मी जळले. दुसरा शब्द नाही.

पण बैल चालला की मागे बैलांची रांगच उरायची. "काहून असं होऊन राहिलं वं?" तिनं मला विचारलं. मलाच, कारण माझ्या घरी कॉम्प्युटर होता. आणि मला ठाऊक होतं. नवं चित्र काढण्याआधी जुनं पुसायचं असतं, एवढंच. एका ओळीचं काम. मी म्हटलं, हा मॉनिटर जुना आहे, सरांच्या खोलीतला नवा, तिथे बरोबर दिसेल.

"सरांले विचारू का?"

एवढ्याशा गोष्टीला? हसतील ते — मी म्हटलं. इतकं सहज कसं म्हटलं?

दाखवायच्या दिवशी तांबड्या निघाला आणि स्क्रीनभर बैलच बैल झाले. "हा तर आख्खा पोळाच भरला की," सर म्हणाले. सगळे हसले. मीही — सांगायला जीभ रेटत नाही, पण हसले. प्रज्ञा त्याला थांबवायला बटणं दाबत होती, आणि बैल वाढतच होते.

नोकरी मला मिळाली. पहिला पेढा मी तिलाच दिला. तिनं तो खाल्ला, माझं अभिनंदन केलं. दिवाळीच्या आत तिचं लग्न झालं.

गेल्या वर्षी अकोल्याच्या बसस्टँडवर भेटली. सोबत मुलगी, दहावी झालेली. "हे पोरगी कॉम्प्युटर शिकतो म्हणते," प्रज्ञा म्हणाली. "मले नाई जमलं थे, हिले काय जमन? माह्यासारखंच डोकं हाये हिचं." मग मुलीला म्हणाली, "ह्या म्याडम मात्र लय हुशार होत्या."

मुलगी माझ्याकडे बघत होती. माझी बस लागायची होती, वेळ भरपूर होता. एक वाक्य पुरलं असतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, आई सांगते ते ऐक.